अंगठ्याखालचा उजेड

पौडच्या तहसील कचेरीबाहेर सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, की लोकांच्या काखेत एकच वस्तू पुन्हा पुन्हा दिसते: प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात घडी घालून जपलेले कागद. सातबारा, आठ-अ, फेरफाराचा उतारा, आजोबांच्या नावाचे जुने खरेदीखत, चुलत्याने कधीतरी करून दिलेले कुलमुखत्यारपत्र. घडीवर कागद फाटलेला असतो, मागून चिकटपट्टी लावलेली असते. मुळशी तालुक्यात जमिनीचा विषय निघाला की भाव नंतर, आधी विचारतात, "कागद आहेत का?" आहेत म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण खरे आहेत ना?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. मावळच्या मातीत तिची सुरुवात नांगराच्या चित्रापासून होते. आज ती एका पांढऱ्या पुडीपाशी येऊन पोचली आहे. त्या पुडीवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडला, की ती हिरवी उजळते.

शिवकाळात आजच्या मुळशीचा मुलूख पौड खोरे, मुठे खोरे, कोरबारसे अशा मावळांत वाटलेला होता. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून निवाडा होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. कागद हातबनावटीचा असे. पुणे प्रांतात जुन्नरच्या कागदाचे नाव होते. मजकूर मोडीत, आणि शेवटी सभेला हजर असलेल्यांची नावे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या कामाची खूण करी. पाटलाच्या, कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहून शेजारी बोटभर नांगर काढलेला असे. सुतार, लोहार, न्हावी यांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराचे चित्र. जुन्या दफ्तरांत हे नांगर आजही बघायला मिळतात. कुठे रुमण्यासकट नीट काढलेला, कुठे दोन फराट्यांत उरकलेला.

तसा नांगर कोणालाही काढता आला असता. तरी त्यावर काम भागे, कारण कागदाच्या खरेपणाची हमी त्या माणसांकडे होती. वाद परत निघाला तर पुढच्या सभेत त्यांना बोलावून विचारता येई. कागद हा माणसांच्या आठवणीला दिलेला टेकू होता.

इंग्रजी अमलात हे उलटले. न्याय देणारा साहेब पुण्यात बसू लागला. तो ना गाव ओळखे, ना नांगरवाला. आता कागदाने स्वतःच बोलायचे होते, आणि कागद लिहिणारे हात बहुतेक वेळा सावकाराचे होते. काय लिहिले आहे ते कुणब्याला वाचता येत नसे. त्याने लेखणीला हात लावला की त्याची कबुली झाली असे धरले जाई. १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यात, पूर्वेकडच्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि वह्या. ते बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली, आणि पुढे पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच घडले. राग कागदावर निघाला, कारण जमीन कागदाच्या वाटेने जात होती हे लोकांना पुरते कळले होते. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा गावपातळीवरच्या निबंधकासमोर लिहिला जावा, आणि न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, ही त्या कायद्यातली मोठी गोष्ट होती.

नेमक्या याच वर्षांत हजार-बाराशे मैलांवर, बंगालमध्ये, एक इंग्रज अधिकारी दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नाशी झटत होता. त्याचे नाव विल्यम जेम्स हर्शेल. १८५८ मध्ये जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला आणि सहीच्या जोडीला त्याच्या सबंध पंजाचा शाईचा ठसा कागदावर घेतला. पुढे सही नाकारण्याची सोय राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. नंतर वर्षानुवर्षे ठसे जमवत गेल्यावर त्याच्या ध्यानात आले, की बोटांवरच्या रेषा वयाने बदलत नाहीत. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने निवृत्तिवेतन घेणारे, तुरुंगातले कैदी आणि दस्त नोंदवायला आलेले लोक यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. आज मुळशीतली म्हातारी खरेदीखतावर डाव्या हाताचा अंगठा उठवते, त्या रिवाजाचे मूळ हुगळीच्या त्या नोंदणी कचेरीत सापडते. निशाणी नांगराची जागा निशाणी अंगठ्याने घेतली. नांगर कोणाचाही असू शकत होता, अंगठा एकाचाच.

या हर्शेल घराण्याकडे जरा थांबून बघावे असे आहे. विल्यम जेम्सचे आजोबा विल्यम हर्शेल हे युरेनस शोधणारे ज्योतिर्विद. त्यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाचे रंग लोलकाने वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. अवरक्त किरणांची ती पहिली ओळख. वडील जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये कोयनेलचे पाणी उन्हात धरले, तेव्हा काचेलगतच्या पृष्ठभागावर त्यांना निळी झाक दिसली. आत द्रावण मात्र पाण्यासारखे स्वच्छ होते. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचा उलगडा केला: उन्हातले न दिसणारे अतिनील किरण कोयनेल शोषून घेते आणि दिसणारा निळा प्रकाश सोडते. या गुणाला मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात. आजोबांनी एका टोकाचा अदृश्य प्रकाश शोधला, वडिलांनी दुसऱ्या टोकाच्या अदृश्य प्रकाशाचा खेळ पाहिला, आणि नातवाने हिंदुस्थानात येऊन लोकांचे अंगठे घेतले. एका घरातले हे तीन धागे पुढे दीडशे वर्षांनी एका ठिकाणी गाठले जाणार होते.

मुळशीच्या कागदांची गोष्ट सांगताना १९२१ ओलांडून जाता येत नाही. टाटा कंपनीने नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले आणि बावन्न गावांच्या शेतकऱ्यांवर भूसंपादनाचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. त्यांच्या बरोबरीने विनायकराव भुस्कुटे उभे राहिले. लढा १९२४ पर्यंत चालला. बायकामाणसांनी तुरुंगवास भोगला, आणि धरण झाले. पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात गेले, वीज मुंबईला गेली. या सगळ्यात एकही कागद खोटा नव्हता. नोटिसा खऱ्या होत्या, १८९४ चा कायदा खरा होता, शिक्केही खरे होते. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होत्या आणि कसणारे मावळे कुळे होते. त्यामुळे नुकसानभरपाईचा कागदही पुष्कळदा ज्याच्या नावाने निघायचा त्याच्याच नावाने निघाला. कागद तपासण्याच्या विद्येबद्दल लिहिताना हे आधी नोंदवून ठेवणे भाग आहे. दिवा कागदाचा खरेपणा दाखवतो. ज्याच्या हातून जमीन गेली त्याच्याशी न्याय झाला का, हे त्याला दाखवता येत नाही.

याच दशकात सरकारी कागदांचा छापखाना महाराष्ट्रात आला. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनला छापली जात, नोटाही इंग्लंडमधून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना उभा राहिला. टपाल तिकिटे, मुद्रांक, नोटा हे सारे तिथून बाहेर पडू लागले. त्या काळच्या खुणा डोळ्याला आणि बोटाला कळणाऱ्या होत्या: उजेडाकडे धरल्यावर दिसणारे जलचिन्ह, बारीक वेलबुट्टीची नक्षी, उठावाच्या छपाईचा खरखरीतपणा, कागदाचा कडकडीत आवाज. जुने बाँडरायटर आणि मुद्रांक विक्रेते कागद हातात घेताच त्याच्याबद्दल सांगू शकत.

ही डोळ्याची आणि बोटाची परीक्षा किती तोकडी आहे, हे तेलगी प्रकरणाने साऱ्या देशाला दाखवले. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. लिलावात निघालेली जुनी छपाई यंत्रे त्याच्यापर्यंत पोचली, हे तपासात पुढे आले. बनावट मुद्रांक बँका, विमा कंपन्या, दलाली पेढ्या अशा ठोक गिऱ्हाइकांना विकले गेले. नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेरला त्याला अटक झाली. २००२ मध्ये पुण्यात बंडगार्डन पोलिसांच्या हाती बनावट मुद्रांकांचा साठा लागला आणि खटल्याचा मोठा भाग पुण्यात चालला. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला १३ वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपयांचा दंड सुनावला.

ही तीच वर्षे, ज्यांत हिंजवडीला आयटी पार्क उभे राहत होते आणि मुळशीतल्या जमिनी हातोहात विकल्या जात होत्या. विसार पावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, खरेदीखत हे शब्द पोराटोरांच्या तोंडी बसले. २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने जमीन विकलेल्या घराची परवड साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडली. त्या काळात हातोहात फिरणारा मुद्रांक खरा आहे की नाही, हे घेणाऱ्याला पाहायचे कसे? फ्रँकिंग आले, नोंदणी कार्यालयांत संगणक आले, पुढे ऑनलाइन चलन आले. पण नोट, धनादेश, पासपोर्ट, गुणपत्रिका, औषधाचे खोके, गाडीच्या सुट्या भागाचे लेबल, या वस्तू छापील होत्या आणि छापीलच राहिल्या.

त्यांच्यासाठी पहिला मोठा आधार झाला तो जॉन हर्शेलच्या निळ्या झाकेचा. बँकेच्या काउंटरवर जांभळट दिव्याची पेटी असते. तिच्याखाली नोट धरली की क्रमांकाची शाई उजळते आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकतात. नोटेचा कागद स्वतः मात्र काळवंडलेला, निस्तेज राहायला हवा, आणि खरी पारख तिथेच आहे. बाजारातला साधा पांढरा कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायने घालतात. दिव्याखाली असा कागद चांदण्यासारखा निळा-पांढरा पेटतो. घरोघरी पांढऱ्या कपड्यांना नीळ मागे पडून टिनोपाल आणि रानीपाल आले, तेही याच जातीचे पदार्थ. खिशात राहून धुतली गेलेली खरी नोट पेटीखाली धरली तर तीही थोडीफार उजळते, आणि रोखपाल ती पुन्हा पुन्हा उलटून बघतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने याच वाटेवर पुढे जाऊन दोन रंगांची शाई बनवली. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ती लाल दिसते, ३६५ च्या प्रकाशात हिरवी.

या दिव्याचे दुखणे असे, की तो आता कोणाकडेही असतो आणि त्याखाली चमकणारी शाईही बाजारात मिळते. शिवाय अतिनील प्रकाशात जगातल्या फार गोष्टी चमकतात: कागद, कापड, साबण, दात, नखे, रक्तातली प्रथिने. हवी ती खूण या गर्दीतून निवडून काढायची कशी?

याचे उत्तर आजोबांच्या बाजूने आले. स्टोक्सचा नियम असा, की पदार्थ घेतो त्यापेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाश परत देतो. अतिनील घेऊन निळा देईल, निळा घेऊन हिरवा देईल. अवरक्त घेऊन हिरवा देणे म्हणजे खालून वर चढणे. १९५९ मध्ये निकोलस ब्लूमबर्गन यांनी कल्पना मांडली, की अवरक्त प्रकाशकण मोजायचे तर घन पदार्थातल्या अणूला पायरी पायरीने वर चढवता येईल. १९६६ मध्ये फ्रान्समध्ये फ्राँस्वा ओझेल यांना, आणि स्वतंत्रपणे सोव्हिएत संघात ओव्स्यान्किन व फेओफिलोव्ह यांना, ही चढाई फार जोमाने होऊ शकते असे आढळले. त्यासाठी एकाच पदार्थात दोन मूलद्रव्ये लागतात, यिटर्बियम आणि अर्बियम. दोघांचीही नावे स्वीडनमधल्या इटरबी या एकाच गावावरून पडलेली; तिथल्या खाणीतल्या खनिजाने चार मूलद्रव्यांना नाव दिले. या प्रकाराला अपकन्व्हर्जन म्हणतात.

दहीहंडीचा थर डोळ्यापुढे आणला की यातले मर्म कळते. हंडी दोन पुरुष उंच आहे. एक गोविंदा कितीही उडी मारो, त्याचा हात पोचत नाही. पण पहिला खांदे देऊन घट्ट उभा राहिला आणि तो कोसळायच्या आत दुसरा त्याच्यावर चढला, तर हंडी फुटते. यिटर्बियम ९८० नॅनोमीटरचा अवरक्त कण पकडतो आणि ती ऊर्जा शेजारच्या अर्बियमला देतो. अर्बियम पहिल्या थरावर चढतो. तेवढ्यात दुसरा कण येतो, अर्बियम वरच्या थरावर जातो, आणि तिथून उतरताना ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश देतो. दोन कण आत, एक कण बाहेर, आणि मधली उरलेली ऊर्जा उष्णतेत जाते. सगळी मदार खालचा थर किती वेळ टिकतो यावर असते. रंगद्रव्यांत तो सेकंदाच्या अब्जांशात ढासळतो, अर्बियममध्ये हजारांशापर्यंत तग धरतो. १९७२ मध्ये सोडियम-यिट्रियम फ्लुओराइडच्या स्फटिकात हा खेळ सर्वांत चांगला रंगतो हे दिसले, आणि आजही बहुतेक कामात हाच पदार्थ वापरतात.

ही पूड हातात घेतली तर रांगोळीच्या पांढऱ्या पिठासारखी. खोलीतल्या उजेडात तिच्यात काही विशेष नाही, बँकेच्या जांभळ्या दिव्याखालीही ती मुकी राहते. ९८० नॅनोमीटरचा लेझर सुरू केला तरी हवेत काही दिसत नाही. तो झोत डोळ्याला कळतच नाही, म्हणून तो घातकही असतो. पण झोत पुडीवर आला, की तेवढ्याच जागी एक ठिपका उमटतो, भाताच्या कोवळ्या रोपासारखा पोपटी-हिरवा. झोत हलला की ठिपका हलतो. लेझरवर काम करणारे तंत्रज्ञ असे लेप दिलेले पत्त्याएवढे कार्ड जवळ ठेवतात. न दिसणारा झोत कुठे पडतो हे त्यावर कळते. अशी पूड शाईत मिसळून छापली तर कागदावर काहीच दिसत नाही. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी यिटर्बियम-अर्बियम घातलेल्या अतिसूक्ष्म कांड्यांची अशी शाई तयार केली, जी अतिनील प्रकाशात एका तऱ्हेने आणि अवरक्तात दुसऱ्या तऱ्हेने उजळते. नक्कल करणाऱ्याला दोन्ही वाटा साधाव्या लागतात, आणि दुसऱ्या वाटेची पूड शाईच्या दुकानात मिळत नाही.

तरी या पुडीचा खरा मोठेपणा तिच्याभोवतीच्या अंधारात आहे. ९८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला कागद, रक्त, लघवी, कापड यांपैकी कोणीच हिरवे उत्तर देत नाही. उत्तर देते ती फक्त ही पूड. नेदरलंड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात हे हेरून, गरोदरपणाच्या तपासणीसाठी असते तशा पट्टीवर सोन्याच्या कणांऐवजी अपकन्व्हर्जनचे कण वापरले गेले. रोगाचा अंश अगदी थोडा असला तरी रेघ मोजता येते. कुष्ठरोगाची लागण आणि शिस्टोसोमा या जंताची लागण ओळखण्यासाठी त्या पट्ट्या तयार झाल्या. या जंताचे नाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी त्याचे ठाणे असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवले होते. त्या काळी लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून अंडी शोधत बसावे लागे.

आणि मग अंगठा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायवैद्यक संशोधकांनी ही पूड अदृश्य ठशांवर वापरून पाहिली. काचेवरचा ठसा काळ्या भुकटीने उठतो. अडचण येते ती रंगीबेरंगी छपाईवर. दुधाची पिशवी, मासिकाचे मुखपृष्ठ, नोट, यांवर ठशाच्या रेषा चित्रात हरवतात. अतिनील दिवा लावला तर छपाई आणि कागद स्वतःच चमकून ठसा बुडवतात. अपकन्व्हर्जनची पूड टाकून ९८० चा झोत सोडला, की मागचे सगळे चित्र काळोखात जाते आणि फक्त बोटाच्या रेषा हिरव्या उभ्या राहतात. ज्या फोटोत हे टिपले जाते त्यात आजोबांचा अवरक्त, वडिलांची प्रतिदीप्ती आणि नातवाचा अंगठा एकत्र आलेले असतात. पुण्यात सीआयडीच्या अंगुलीमुद्रा केंद्रात पिढ्यान् पिढ्या अशाच रेषा जुळवण्याचे काम चालत आले आहे.

पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आता शाईचा पॅड मागे सरला आहे. टेबलावर लहान काच बसवलेले यंत्र असते, समोर वेबकॅम. नाव पुकारले की पक्षकार पुढे येतो, फोटो निघतो, मग अंगठा. एखादी आजी अंगठा टेकवण्याआधी तो पदराला पुसून घेते; पूर्वी शाई लागायची, ती सवय. काचेखाली उजेड लागतो. पडद्यावर रेषा उमटत नाहीत. भातलावणीत, गवत कापण्यात, चुलीपुढे त्या झिजून गेलेल्या असतात.

"आजी, जरा दाबून धरा," टेबलामागचा मुलगा म्हणतो. पुन्हा नाही. तो ओल्या फडक्याने तिचे बोट पुसून देतो, स्वतःच्या हाताने काचेवर ठेवतो आणि वरून हलकेच दाबतो. तिसऱ्या खेपेला पडद्यावर करड्या रेषा दिसू लागतात, मध्येच तुटलेल्या, एका बाजूला जुन्या कापाची आडवी खूण घेऊन.

"आलं का रे माझं बोट?" आजी विचारते.